आधी खेळपट्टी, मग मैदान

भिवंडी तालुक्यातल्या कित्येक गावांत क्रिकेटचे मैदान वर्षभर नसते. भात कापून झाले की एखाद-दुसरा बांध काढायचा, मधोमध माती टाकून पिच बसवायचे, रोलर फिरवायचा आणि दिवाळीनंतर टेनिस बॉलच्या स्पर्धांचे फलक नाक्यावर लावायचे, असा रिवाज. मुंबई-नाशिक महामार्गाच्या दोन्ही अंगांना गोदामे उभी राहिली तशी ही खाचरे कमी होत गेली. शहरात मग जाळी मारलेली, कृत्रिम हिरवळीची ‘टर्फ’ आली आणि रात्री दिव्यांच्या उजेडात चालू लागली. मैदान कुठलेही असो, ते राखणाऱ्याला दोन गोष्टींचा धाक असतो: पावसाळ्यातले नको इतके पाणी आणि उन्हाळ्यातले नसलेले पाणी. एखादे वर्ष असे येते की दोन्ही बाजूंनी मार बसतो. पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळतो, माती वाळत नाही, स्पर्धेची तारीख मात्र छापून झालेली असते. आणि त्याच वर्षी फेब्रुवारीतच बोअर खाली जाते. अशा हंगामात मैदानाच्या मुख्य माणसाने स्वतःची आणि हाताखालच्या माणसांची उमेद टिकवायची कशी? या प्रश्नावर एकमेकांविरुद्ध जाणाऱ्या दोन भूमिका आहेत. त्या दोन कल्पित माणसांच्या तोंडी घालतो. एक गावच्या क्रिकेट मंडळाचा अध्यक्ष, दुसरा मैदान राखणारा म्हातारा मुकादम.

अध्यक्ष म्हणतो, “काका, माणसं माझ्या तोंडाकडे बघतात. मीच कपाळाला हात लावून बसलो तर पोरं उद्या मैदानावर येतील का? रोलरला माणसं लागतात, कव्हर ओढायला त्याहून जास्त लागतात, आणि यातले निम्मे फुकट येतात, केवळ हौसेपोटी. वर्गणी देणाऱ्यांचंही तेच. ‘होणार, सगळं नीट होणार’ असं म्हटलं की पाकीट निघतं. ‘बघू’ म्हटलं की माणूस हात आखडता घेतो. पुढारी म्हणून माझं काम काय, तर लोकांना धीर देणं. मैदान तुम्ही सांभाळा, मी माणसं सांभाळतो.”

मुकादमाचे म्हणणे वेगळे आहे. “अध्यक्ष, तुम्ही ‘होणार’ म्हणता आणि घरी जाता. पहाटे ओल्या मातीत पाय रुततात ते आमचे. मागं तुम्ही शब्द दिला म्हणून ओल्यावरच रोलर फिरवला. माती दगडासारखी दाबली गेली, मुळाला श्वास राहिला नाही, जानेवारीत पिचवर टक्कल पडलं. तेव्हा लोकांनी मलाच विचारलं, काका, काय केलंत? धीर देणं वेगळं आणि थाप मारणं वेगळं. पाणी चार टँकरचं आणि बोलणं दहा टँकरचं, असं किती दिवस चालणार? मला भाषण नको. कुठलं काम सोडून द्यायचं ते सांगा.”

वरवर पाहता हा आशा आणि निराशा यांच्यातला वाद वाटेल. पण मुकादम निराश असता तर पहाटे मैदानावर आलाच नसता. दोघांनाही हंगाम पार पाडायचा आहे. उमेद कशातून येते याबद्दल मात्र त्यांचे मत जुळत नाही. अध्यक्षाच्या मते ती बोलण्यातून येते. मुकादमाच्या मते काम पूर्ण होताना दिसले की येते. माझा कौल मुकादमाच्या बाजूने आहे, पण थोड्या दुरुस्तीसह. वाईट हंगामात पुढाऱ्याने सगळे वाचवण्याचा शब्द देऊ नये. काय वाचवायचे आणि काय सोडून द्यायचे हे लवकर ठरवावे, ते चारचौघांत सांगावे, आणि त्या निर्णयाचा बोल स्वतःच्या अंगावर घ्यावा. माणसे टिकतात ती अशा पुढाऱ्याजवळ. हे नुसते मत म्हणून सोडून देण्यापेक्षा महाराष्ट्रात घडलेल्या गोष्टींवर तपासून पाहणे बरे.

२०१६ चा उन्हाळा आठवावा. मराठवाडा दुष्काळाने होरपळत होता. १२ एप्रिलला मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे सुमारे ५ लाख लीटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली. दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिलला, मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर नेण्याचा आदेश दिला. पुढे १ मेच्या पुण्यातल्या सामन्यापुरती सवलत मिळाली. मुंबईत ठरलेला अंतिम सामना मात्र २९ मे रोजी बेंगळुरूला झाला. वानखेडेचे गवत वाळले म्हणून सामने गेले नाहीत. लोक हंडे घेऊन रांगेत उभे असताना मैदानाला पाणी कुठून येते, या प्रश्नाला पटेल असे उत्तर मिळाले नाही म्हणून ते गेले. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरचे प्रक्रिया केलेले सांडपाणी वानखेडेला वापरू, अशी तयारी क्रिकेटच्या कारभाऱ्यांनी दाखवली खरी, पण ती प्रकरण न्यायालयात गेल्यावर. हाच मार्ग त्यांनी स्वतः होऊन हंगामाच्या आधी लोकांसमोर ठेवला असता, तर निकाल बदलला असता की नाही हे कुणी सांगू शकणार नाही. पण वादाचा सूर नक्कीच वेगळा राहिला असता. अध्यक्षाचे ‘सगळं नीट होणार’ नेमके इथे तोकडे पडते. लोकांना दिलासा नको होता, हिशेब हवा होता.

यावर अध्यक्ष म्हणेल, “काका, ते करोडोंचे सामने. आमच्या गावच्या मैदानावर कोण न्यायालयात जाणार? आमच्याकडे ना रेसकोर्स, ना प्रक्रिया केंद्र. मोठ्यांचा दाखला आम्हाला कशाला?” आक्षेप रास्त आहे, म्हणून छोट्या मैदानाचाच हिशेब मांडू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लीटर. ६५ मीटर त्रिज्येचे पूर्ण मैदान साधारण १३,३०० चौरस मीटर भरते. त्यावर ५ मिलिमीटर पाणी द्यायचे तर ६६,००० लीटरच्या वर लागते, म्हणजे १०,००० लीटरचे सहा टँकर पालथे घालून सातवा मागवावा लागतो. आता मैदानाच्या मधला पिचांचा चौक तेवढा घ्या. एक पिच ३.०५ मीटर रुंद. शेजारी शेजारी दहा पिचे धरली आणि लांबी २४ मीटर धरली, तर जागा होते सुमारे ७३० चौरस मीटर. तेवढेच पाणी तिथे द्यायला ३,७०० लीटर पुरतात. अर्धा टँकरसुद्धा लागत नाही. खेळ ज्या जागेवर ठरतो ती जागा मैदानाच्या साडेपाच टक्क्यांच्या आसपास आहे, हे एकदा कागदावर मांडले की ‘पाणीच नाही, करायचं काय’ ही रड थांबते. पाणी सगळ्याला पुरणार नाही, पण मधल्या चौकाला पुरेल. बाकीचे मैदान पिवळे पडेल, चेंडू उसळ्या खाईल, धूळ उडेल. पण स्पर्धा होईल. गरिबांच्या मैदानाला हा हिशेब जास्तच लागू पडतो, कारण चुकलेला टँकर परत मागवायला तिथे पैसे नसतात.

पाणी कुठून आणायचे हेही उघड ठरवायला हवे. भिवंडीत डाइंग आणि सायझिंगचे कारखाने आहेत. जवळून नाला वाहतो किंवा कामवारी नदी दिसते म्हणून पंप लावून मोकळे होता येत नाही. प्रक्रिया केलेल्या पाण्यातही क्षार जास्त असू शकतात, ते मातीत साठतात आणि चिकण मातीचा पोत बिघडवतात. म्हणून पाणी आधी तपासून घ्यावे. द्यायचे ते रोज शिंपडल्यासारखे देऊ नये. थोड्या दिवसांच्या अंतराने, पहाटे, मुळापर्यंत जाईल असे द्यावे, म्हणजे मुळे खाली जातात. ताणाच्या दिवसांत गवत जरा उंच ठेवावे, खताची घाई करू नये. ही कामे मुकादमाला ठाऊक असतात. त्याला हवे असते ते त्याच्या पाठीशी उभे राहणारे माणूस. वर्गणीदार मैदानावर येऊन “गवत एवढं वाढलंय, कापत का नाही?” असे विचारेल, तेव्हा “मी सांगितलंय म्हणून” हे उत्तर अध्यक्षाने द्यायचे असते.

अध्यक्षाचा पुढचा आक्षेप अधिक वजनदार आहे. “हे सोडा, ते सोडा, असं म्हणत गेलो तर माणसं म्हणतील, अध्यक्षच हरला. आउटफिल्डवर ज्याने चार महिने तण उपटलं त्याला मी कुठल्या तोंडानं सांगू की यंदा तुझं काम पाण्याविना जाणार? त्याच्या मनाचं काय?” हा प्रश्न झटकून टाकता येत नाही. सोडून देण्याचा निर्णय माणसाला लागतो, आणि तो हिशेबाच्या कोरड्या भाषेत सांगितला तर जास्तच लागतो. पण इथे गवताचा स्वभाव मदतीला येतो. आपल्याकडच्या मैदानांवर जे गवत मुख्यतः असते ती हरळी, म्हणजेच गणपतीला वाहतो ती दूर्वा. ती जमिनीवर पसरते तशी जमिनीखालीही मुळ्या धावत्या ठेवते. पाणी तोडले की पाने वाळतात, वरून मैदान मेल्यासारखे दिसते, पण खालच्या मुळ्या तग धरून असतात आणि पहिल्या पावसाबरोबर पुन्हा फुटतात. शेतकरी हरळीला वैतागतो तो याच चिवटपणामुळे. म्हणून आउटफिल्ड सोडणे म्हणजे ते गमावणे नव्हे. त्यावर गाड्या उभ्या करू द्यायच्या नाहीत, मांडव घालू द्यायचा नाही, वाळलेल्या गवतावर माणसांची वर्दळ होऊ द्यायची नाही, एवढे सांभाळले की जूनमध्ये ते परत मिळते. ज्याने चार महिने तण उपटले त्याला हेच काम द्यावे: राखण. “तुझं काम गेलं” आणि “तुझं काम आता हे” या दोन वाक्यांत जो फरक आहे, तो पुढाऱ्याने ओळखायचा असतो. माझी वर म्हटलेली दुरुस्ती ती हीच. माणसाच्या मनाची जी काळजी अध्यक्ष वाहतो ती मुकादमाच्या हिशेबात नसते, आणि ती नसेल तर खरा हिशेबही माणसे पळवून लावतो.

हंगामाशी भांडण्यापेक्षा त्याला धरून खेळ ठरवण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. १९४८ साली मुंबईत सुरू झालेली डॉ. कांगा लीग ही पावसाळ्यातली स्पर्धा. उघड्या, ओल्या खेळपट्ट्या, गुडघ्याला लागणारे गवत, अडखळत येणारा चेंडू, हे सगळे गृहीत धरूनच ती आखलेली होती. अशा खेळपट्टीवर टिकून दाखवणारा फलंदाज मुंबईने पक्का मानला. पावसाळ्यात कोरड्या मैदानाचे आश्वासन देऊन ही लीग कुणी भरवली असती, तर ती पहिल्याच आठवड्यात बुडाली असती. मैदान जसे आहे तसे जाहीर केल्यामुळे तिचा टिकाव लागला. गावच्या मंडळाने यातून उचलण्यासारखे एवढेच की पाऊस लांबला तर स्पर्धा आठवडाभर पुढे ढकलणे, सामन्यांची षटके कमी करणे, संघांची संख्या घटवणे, यांत कमीपणा नाही. मुंबईतून पाऊस परतण्याची सरासरी तारीखच ८ ऑक्टोबर आहे. त्यानंतरही माती वाळायला वेळ लागतो. पंचांग बघून तारीख काढायची आणि मग माती वाळत नाही म्हणून मुकादमाला धारेवर धरायचे, हा कारभार नव्हे.

बोल कुणी खायचा हा प्रश्न उरतो, आणि तो सगळ्यांत अवघड आहे. सुधीर नाईक हे नाव या संदर्भात घ्यायलाच हवे. १९७०-७१ च्या मोसमात मुंबईचे बिनीचे खेळाडू भारतीय संघाबरोबर वेस्ट इंडिजमध्ये होते. उरलेल्या संघाचे नेतृत्व नाईकांकडे आले आणि त्या संघाने रणजी करंडक जिंकला. पुढे ते भारताकडून तीन कसोटी खेळले आणि नंतर वानखेडेच्या खेळपट्टीचे क्युरेटर झाले. २ एप्रिल २०११ चा विश्वचषकाचा अंतिम सामना त्यांच्या देखरेखीखालच्या खेळपट्टीवर झाला, तेव्हा देशभर जल्लोष झाला. क्युरेटरचे नाव कितीजणांना आठवले? २५ ऑक्टोबर २०१५ ला त्याच वानखेडेवर दक्षिण आफ्रिकेने ४ बाद ४३८ धावा केल्या, भारत २१४ धावांनी हरला, आणि खेळपट्टीवरून नाईकांना भारतीय संघाकडून बोलणी ऐकावी लागली. त्यांनी मुंबई क्रिकेट असोसिएशनकडे लेखी तक्रार केली. यातून दोन गोष्टी निघतात. मैदान राखणाऱ्याला यशात वाटा मिळतोच असे नाही, अपयशात मात्र मिळतो. आणि म्हणूनच त्याच्या वरच्या माणसाने, मग तो संघटनेचा पदाधिकारी असो की गावच्या मंडळाचा अध्यक्ष, निर्णय कुणी घेतला हे सामन्याच्या आधी लिहून ठेवले पाहिजे. पराभवानंतर केलेले समर्थन मुकादमाच्या फारसे उपयोगी पडत नाही.

“बरं, मग कौतुक तर करू ना?” अध्यक्ष विचारेल. जरूर करावे, पण त्याच्या मर्यादा ओळखून. २०२२ च्या आयपीएलचे साखळीतले सर्व ७० सामने महाराष्ट्रातल्या चार मैदानांवर झाले: वानखेडे आणि डी. वाय. पाटील येथे प्रत्येकी २०, ब्रेबॉर्न आणि पुण्याजवळच्या गहुंजे येथे प्रत्येकी १५. २६ मार्च ते २२ मे, ऐन उन्हाळा. एका मैदानावर दोन महिन्यांत २० सामने खेळवायचे म्हणजे कुठले पिच कधी वापरायचे आणि कधी विसाव्याला सोडायचे याचे गणित आधी पक्के लागते. सगळी पिचे रोज ताजी ठेवू, असे म्हणणारा तिथे दुसऱ्या आठवड्यात उघडा पडला असता. स्पर्धेनंतर भारतीय क्रिकेट मंडळाने या चारही मैदानांच्या क्युरेटर आणि कर्मचाऱ्यांसाठी प्रत्येकी २५ लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. ही गोष्ट चांगली झाली. मात्र बक्षीस शेवटी येते आणि वाईट हंगाम मधल्या दिवसांत माणसाला खातो. त्या दिवसांत त्याला वेळेवर मजुरी, सावलीची जागा, पिण्याचे पाणी आणि दुपारची सुट्टी लागते. मैदानाला टँकर आणि मैदानावरच्या माणसाला बाटली विकत, असा कारभार असेल तर वर्षअखेरीच्या शालीला काही अर्थ उरत नाही.

शेवटचा आक्षेप शहरातल्या टर्फवाल्याचा. तो म्हणतो, “दादा, हे सगळं मातीचं झालं. आम्ही कृत्रिम हिरवळ टाकली, आमचा हंगामाशी संबंध संपला.” तसा तो संपत नाही. भर उन्हात कृत्रिम हिरवळीचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सियसच्या वर तापू शकतो, तो निववायलाही पाणी मारावे लागते. पावसात खालचा निचरा तुंबला की वाळू आणि रबराचे दाणे एका कोपऱ्यात वाहून जातात, सांधे उसवतात, जाळी लोंबते. दुपारचे बुकिंग बंद ठेवायचे की पोरांचे तळपाय भाजू द्यायचे, हा निर्णय तिथेही कुणाला तरी घ्यावा लागतोच, आणि बुडालेल्या भाड्याचा हिशेब भागीदारांना सांगावा लागतो. यंत्रमागाच्या गावाला हे समजावून सांगायला नको: ताण्याचा धागा तुटला की माग थांबवून गाठ मारावी लागते, तसाच रेटला तर आख्खे कापड वाया जाते. थांबवणाऱ्या विणकराला कुणी निराशावादी म्हणत नाही.

म्हणून निवाडा असा. माणसांची उमेद सांभाळणे हे पुढाऱ्याचेच काम, या मुद्द्यावर अध्यक्ष बरोबर आहे. ती खोट्या शब्दावर टिकत नाही, या मुद्द्यावर मुकादम बरोबर आहे. दोघांचे खरे एकत्र आणायचे तर अध्यक्षाने मुकादमाच्या हिशेबाला स्वतःचा आवाज द्यायला हवा. भिवंडीतल्या मंडळांना आणि टर्फमालकांना सांगणे एवढेच: यंदा स्पर्धेचा फलक लावाल तेव्हा शेजारी दुसराही फलक लावा. पाणी किती आहे, ते कुठून येते, मैदानाचा कुठला भाग राखणार, कुठला सोडणार आणि हे कुणी ठरवले, हे त्यावर नावानिशी लिहा. मुकादमाला तो वाचून दाखवा आणि त्याचा होकार घ्या. संघांकडून प्रवेश फी त्यानंतर घ्या.